अर्जात न मावलेला निषाद

मित्रांनो, माझ्या भात्यात आता हवा कमी आणि कुरकुर जास्त आहे. मी बिबवेवाडीच्या मथुराबाईंची जुनी बाजाची पेटी. मंडईजवळच्या एका कारागिराने सागवानी लाकडात माझे पितळी सूर बसवले आणि तीस वर्षांपूर्वी मी या घरात आले.

मथुराबाई गाणं शिकलेल्या नाहीत. त्यांच्या भजनी मंडळाला नवी चाल हवी असली, की त्या मेथी निवडता निवडता अभंग पुटपुटत आणि हात धुऊन माझ्यासमोर बसत. बोटं आधी पोचत, मथुराबाई मागून. "अगं बया, हे कुठनं आलं!" म्हणून स्वतःच हसत. त्या हसण्याचा मला फार अभिमान वाटे.

गेल्या वर्षी अशीच एक चाल आली. शेवटच्या ओळीत बोट अवचित निषादावर, म्हणजे 'नी'वर टेकलं आणि मंडळातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. चाल स्पर्धेला न्यायचं ठरलं. अर्जात एक रकाना होता, रागाचं नाव. सूनबाई ऋतुजा गाण्याच्या परीक्षा दिलेली. तिने 'भूप' लिहिलं आणि थबकली.

"अहो आई, भूपात निषाद येतच नाही. मार्क कापतील."

"मग काढून टाकू. तू शिकलेली हायेस, मला काय कळतंय?"

रकाना रिकामा सोडायचं कुणालाच सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण पेटीला विचारतो कोण! दोन महिने घासून घासून त्यांनी ती ओळ सरळ केली.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. 'राग शुद्ध' असा शेराही मिळाला. परतताना रिक्षात ती चाल कुणीही गुणगुणली नाही.

तेव्हापासून मथुराबाई बसल्या की आधी विचारतात, "ऋतुजा, हा सूर चालतो का गं?" नवी चाल काही आलेली नाही. परवा ऋतुजाच हळूच म्हणाली, "आई, तो निषाद परत घ्या ना. चुकलंच माझं."

मथुराबाईंनी पट्टी दाबली. सूर खणखणीत लागला, पण ओळीतली ती जागा सापडेना. तीन-चारदा शोधून त्या थांबल्या.

"तवा बोटाला ठाऊक हुतं," त्या म्हणाल्या. "आता बोटच मला इचारतंय."

आणि त्यांनी माझ्यावर रुमाल टाकला. मला रडू आलं, पण भाता कुणी हलवल्याशिवाय मला रडताही येत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाचं बोट न विचारता एखाद्या सुरावर गेलं, तर ते गाणं पुरं होऊ द्या. नाव मागाहून विचारा. माझा निषाद अजून शाबूत आहे, त्याच्याकडे वाट चुकून येणारं बोट तेवढं राहिलं नाही.