उलटा पंखा

छगनला मोटरींचा नाद होता आणि धुळ्यात त्या नादाला कुत्रं विचारत नव्हतं. दिवसा आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवायचं आणि घरी येऊन रिमोटवर चालणारी हातभर बोट बांधत बसायचं. टेपरेकॉर्डरची मोटर लावली, ती नुसती भणभणली. फेस निघाला, बोट हलेना. जीपच्या वायपरची लावली, तिला जोर दांडगा, पण चाल रेड्याची. शेवटी मधल्या ताकदीची एक मिळाली. तिच्या जोगा पितळी पंखा त्याने कानशीने घासघासून काढला. पात्यांना पीळ असा दिला की पाण्याला नेमका मागे रेटा बसावा. कितीतरी पंखे भंगारात गेले तेव्हा हा एक जमला. रिमोटचा सेट चुलतभावाने मस्कतहून आणलेला, तो पुन्हा मिळणं मुश्किल.

नव्वद साली गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष भाईदास घरी आला. गणपतीची पूजेची छोटी मूर्ती विसर्जनाला बोटीवरून तलावात न्यायची म्हणाला. छगन हुरळला. त्याने पुढच्या टोकाला झुकती फळी बसवली. मध्यावर बटण दाबलं की मूर्ती पाण्यात घसरणार आणि बोट रिकामी परत येणार. गावाने एकदा आपली बोट बघावी, एवढीच त्याची हाव.

नकाणे तलावावर ही गर्दी. वाटेत पडू नये म्हणून भाईदासने ओल्या मातीने मूर्ती फळीवर पक्की थापली, आरती झाली, आणि मग कुणीतरी बोंबललं की देवाचं तोंड पाण्याकडे आहे. झालं! देवाने भक्तांना पाठ दाखवायची म्हणजे काय! छगन म्हणाला, मूर्ती फिरवून बसवा. तर ते नाही. बसवलेला देव हलवत नाहीत म्हणे. भाईदासला तोडगा सुचला.

"देवले नको फिरावू, बोट फिराव. मोटरन्या तारा उलट्या कर, काय व्हस त्याले?"

काय होतं! छगनने जीव तोडून सांगितलं की पंख्याचा पीळ एकाच बाजूचा आहे, बोटीचा मागचा काठ बुटका आहे, उलटी नेली तर पाणी आत येईल. ऐकतो कोण? गुलाल उडत होता, ढोल कानाशी बडवत होते. नाही म्हणायची हिंमत त्याला झाली नाही. त्याने तारा उलट्या केल्या.

बोट थरथरली, वेडीवाकडी सरकली, मागच्या काठाने पाणी प्यायली आणि कमरेएवढ्या पाण्यात देवासकट खाली गेली.

मोरया! लोक नाचायला लागले. विसर्जन झालं की! त्या नाचणाऱ्या तोंडांची छगनला शिसारी आली. तो पँट वर करून पाण्यात शिरला, तर भाईदासने दंड धरला.

"बुडायेल देव बाहेर काढस का कोनी? पाप लागी, भाऊ."

"देव नही, मनी बोट काढस मी."

"मूर्ती तिलेच चिकटेल शे ना."

दोघातिघांनी त्याला ओढून काठावर आणलं. कपाळाला गुलाल फासला, हातावर खिरापत ठेवली. पुढल्या वर्षी मोठी बोट कर, भाईदास पाठ थोपटत म्हणाला, यंदा देव लवकरच बुडाला.

छगनने खिरापत तोंडात टाकली आणि सगळ्यांदेखत भाईदासच्या पायाशी थुंकली.

"बघा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मास्तर असून देवाची किंमत नाही!"