उत्तर येण्याआधीचा हिरवा दिवा

आधीच सांगतो, माझं डोकं लवकर फिरतं. फिरलं नसतं तर त्या डब्यात मी तो घोळ घातलाच नसता.

काचीगुड्यात आमचं छोटं ऑफिस आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आम्ही एक डबा बसवतो. त्यावरचं बटण दाबलं की डबा आमच्या सर्व्हरशी सॉकेट, म्हणजे नेटवरून थेट जोडणी, उघडतो आणि 'मदत' असा निरोप धाडतो. सर्व्हरचं 'मिळालं' असं उत्तर आलं की हिरवा दिवा, नेट नसलं की पिवळा. झालं! रोज कुणीतरी नुसतं तपासायला बटण दाबायचं, पिवळा दिसला की घाबरून मला फोन. जेवू देत नव्हते हो लोक! शेवटी वैतागून मी प्रोग्रामच बदलला. एरर आली तर डब्यानं गप्प बसायचं, निरोप आत साठवायचा, नेट आलं की पाठवायचा. आणि हिरवा दिवा मात्र लगेच लावायचा.

आमच्या ऑफिसातली तन्वी म्हणाली, "सर, उत्तर आलेलं नसताना हिरवा?"

"तू गप गं," मी खेकसलो. "म्हाताऱ्यांना निवांत राहू दे."

नवा डबा पहिल्यांदा लावला तो तारामावशीकडे. आईची धाकटी बहीण, अंबरपेठेत एकटी राहायची. आईमागं मला तिनंच वाढवलं.

"अविनाश, हिरवं लागलं म्हंजे तू निघाला, हौ ना?" तिनं विचारलं.

"हो गं माझे आई, निघालोच समज!"

रविवारी अंबरपेठेत रस्ता खोदताना केबल तुटली. सगळ्याच घरांचं नेट बंद, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. मावशीला साधा फोनही केला नाही. मंगळवारी सकाळी अकराला नेट आलं आणि माझ्या मोबाइलवर तिचा निरोप उमटला. मदत. बटण दाबल्याची वेळ, सोमवार सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

फोन लावला, ती उचलेना. धावत खाली येऊन रिक्षा पकडली.

डबा एकेक निरोप सोडत होता. सोमवार साडेनऊ. सोमवार अकरा. "भाई, जल्दी करो ना!" मी रिक्षावाल्यावर ओरडत होतो आणि मनात म्हणत होतो, अजून एक येऊ दे रे देवा, अजून एक. जितका उशिराचा निरोप, तितका वेळ मावशी शाबूत. सोमवार संध्याकाळी सात. मंगळवार पहाटे पाच. मंगळवार आठ! मला रिक्षातच रडू फुटलं. आज सकाळी होती, म्हणजे आत्ताही असणार.

दार फोडावं लागलं. मावशी पलंगाशेजारी फरशीवर पडली होती, एक पाय मुडपलेला, हात डब्यापर्यंत नेलेला. अंग थंडगार होतं. गल्लीतले डॉक्टर आले, वाकून तपासलं आणि हळूच म्हणाले, "काल दुपारीच गेल्यात."

"शक्यच नाही!" मी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. "आज आठला बटण दाबलंय तिनं. कुणी दाबल्याशिवाय नवा निरोप तयारच होत नाही. मीच लिहिलाय तो प्रोग्राम!"

"अंगाला हात लावून बघा," ते म्हणाले. मी बघितलं. तिची बोटं मला सरळ करता येईनात.

खालच्या मजल्यावरच्या रझियाबी दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"डॉक्टरसाब गलत बोलरे," त्या मला म्हणाल्या. "आज सुबे आठ बजे मैं खुद दरवाजा ठोकी. कराहने की आवाज आरी थी. मैं बोली, तारा आपा, लोगों को बुलाके दरवाजा तुडवाऊं क्या? अंदर से साफ बोले, नक्को रझिया, कायको तोडते. हरी बत्ती लगी है. मेरा अविनाश निकल गया."