साधनाआत्याची वाटी

आमच्या लग्नात वाट्यांचा सुकाळ झाला होता. प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव भांडीबाजारातून घालून आणलेलं. त्यामुळे माझ्या स्वयंपाकात मापं नाहीत, नातेवाईक आहेत. रव्याच्या लाडवांना रवा साधनाआत्याच्या वाटीने चार, साखर कुंदनमामाच्या वाटीने चार. मामाचा हात मुळातच आखडता, त्याची वाटीही तशीच लहान. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

२००३ साली आमच्या यशश्रीला जर्मनीत नोकरी लागली आणि तिच्या वडिलांना चेव आला. दिवाकर सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, ‘अंदाज’ या शब्दाचाच त्यांना राग. पोरगी परदेशात वाट्या घेऊन हिंडणार आहे का, म्हणाले, आणि ग्रॅम दाखवणारा काटा घेऊन आले.

मी सांगितलं, रवा चार वाट्या, साखर चार वाट्या. तेवढंच विचारलं होतं. त्यांच्या हाताला आत्याची वाटी लागली. तिच्यात रवा भरला, एकशे पंचेचाळीस ग्रॅम. तिच्यातच साखर भरली, एकशे सत्तर. बघ, वाटी एक आणि वजनं दोन, म्हणून त्यांनी मला पाच मिनिटं शहाणपण शिकवलं. मला हसू आवरेना, म्हणून मी कोथिंबीर निवडायला घेतली.

त्या वजनाने केलेले लाडू दगड झाले. दिवाकरांनी पहिला खलबत्त्यात फोडला आणि खुटखुटीत झालेत म्हणत खाल्ला. यशश्रीने माझ्याकडे बघितलं. मी कोथिंबिरीकडे बघितलं.

खरं सांगायचं तर हा नुसता खोडसाळपणा नव्हता. ग्रॅम हाती आले की पोरगी फोन कशाला करील? दर दिवाळीला तिने मला साखर किती विचारावं, एवढंच मला हवं होतं. ऑगस्टमध्ये ती गेली. निरोप देताना मी रडले नाही, घरी येऊन रडले.

दिवाळीला चार दिवस उरले. लाडवांसाठी मांडणीवर हात घातला तर आत्याची वाटी नाही आणि मामाचीही नाही. मी दिवाकरांवर आळ घेतला, त्यांच्याशी अबोला धरला आणि दुसऱ्या वाट्या घेऊन लाडू करायला बसले. सगळा भुगा झाला. दिवाकर तो चमच्याने मिटक्या मारत खात होते, ते तर अगदीच सहन होईना.

तेवढ्यात यशश्रीचा फोन आला. लाडू केले, अगदी तुझ्यासारखे झालेत, म्हणाली. कसे केलेस, मी विचारलं.

"तुझ्या दोन्ही वाट्या माझ्याकडे आहेत, आई. लहानपणापासून बघतेय मी, कोणती कशाला घेतेस ते."

चोर कुठली. राग आला, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. पण फराळाचं काय? मी आता काय करू, असं मलाच तिला विचारावं लागलं.

"काटा आहे ना घरात? मी दोन्ही वाट्या इथे भरून तोलल्यात. ग्रॅम सांगते, लिहून घे."

दिवाकर केव्हाचे कागद-पेन्सिल घेऊन शेजारी उभे होते. काटा ओट्यावर पुसून ठेवलेला. ते हसले नाहीत, पण किती कष्टाने, ते दिसत होतं.

तो कागद दर दिवाळीला माझ्याकडून हरवतो आणि मला जर्मनीला फोन करावा लागतो. एकदा दिवाकरांना तो तांदळाच्या डब्यात सापडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागद पुन्हा तांदळात खुपसला आणि झाकण लावून टाकलं.