तांब्यावरचं ग्रासियाचं नाव

ॲम्स्टरडॅममधल्या आमच्या काळ्या माणसांच्या गल्लीत ग्रासिया कपडे धुवायची आणि अधूनमधून चित्रकारांसमोर बसायची. चित्रं छापणाऱ्या हार्मननं तिला चित्रात दोनदा बायबलातली शबाची राणी केलं होतं, एकदा दासी. तो परत पिसांचा मुकुट घेऊन आला, तेव्हा ती चादर पिळत म्हणाली, "अहो कलाकार, शबाला राण्या होत्या तरी किती? शहरात बादल्या कमी आणि त्या जास्त झाल्यात."

"ग्रासियाबाई, लोक तेच विकत घेतात."

"या वेळी माझी ही टोपी, हे हात, आणि खाली माझं नाव. जमत नसेल तर मुकुटात कांदे भरा."

हार्मन कुरकुरला, पण बसला. तांब्याच्या पत्र्यावर मेण, मेणावर सुईनं रेघा. मी शेजारीण म्हणून सोबतीला होते.

"नाक थोडं लहान करू?"

"तुमचं करा. गरज तिथे आहे."

त्याचं नाक होतंच तसं. मान खाली घालून तो हसला.

रेघा खोल व्हाव्यात म्हणून पत्रा आम्लात बुडवून झाला, मग शाई लावून पहिला कागद निघाला. चेहरा इतका हुबेहूब, की आता ही मला टोचून बोलणार असं वाटलं. ग्रासिया मात्र नावाकडे बघत होती.

"हे उलटं आहे."

"तुला कुठे वाचता येतं?" मी म्हटलं.

"लग्नाच्या वेळी चर्चच्या वहीत बघितलंय. पहिल्या अक्षराचं पोट दुसऱ्या बाजूला होतं."

छापताना सगळं उलटतं, हे वीस वर्षं छापणारा हार्मन नेमका विसरला होता. कान लाल करून त्यानं नाव खरवडलं, पत्रा घासला आणि दोन दिवस खपून उलटी अक्षरं कोरली.

दुकानात आठवडाभर कुणी ते चित्र विचारलं नाही. मग आमच्याच गल्लीनं घेतलं. माझ्या नवऱ्यानंही आणलं.

"परक्या बाईचं चित्र घरात कशाला?" मी विचारलं.

"इथे ती गप्प असते," तो म्हणाला.

ग्रासियानं स्वतःचा कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. एकदा मी साबण मागायला गेले, तर ती पेटीपुढे बसून त्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवत होती. मी दारातच थांबले, आणि पहिल्यांदाच तिला काही चिडवलं नाही.