मनगट सोडवण्याची रीत

सासूबाईंच्या ज्या हाताला चमचा धरवत नसे, तोच हात सुनेचं मनगट धरायचा तेव्हा सुटता सुटत नसे. आजारानं त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. आंघोळीला न्यायला आलेली सून त्यांना कधी चोर वाटे, कधी कुणी परकी बाई. मग नखं रुतत, दुसऱ्या हाताचे फटके बसत. नवऱ्याकडे गाऱ्हाणं केलं की तो म्हणे, म्हाताऱ्या माणसाचं कसलं आलंय लागणं.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करी. मनगटावरचे काळेनिळे डाग बघून तिथल्या बाया परस्पर तिच्या नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत. खरं कारण तिनं एकदोनदा सांगून पाहिलं. कुणाला पटेना, तेव्हा तो नाद सोडला.

जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर शोधू लागली. धरलेला हात कसा सोडवायचा, एवढंच तिला हवं होतं. समोर येत ते उघडेबंब पैलवान, विटा फोडणारे, शत्रूला लोळवायचं कसं ते घसा ताणून सांगणारे. तिला कुणाला लोळवायचं नव्हतं. बरंच धुंडाळल्यावर पिकल्या केसांची एक शिक्षिका सापडली. साध्या चटईवर उभी राहून ती शांतपणे सांगत होती, ओढाओढ करू नका. अंगठा कुठे आहे ते बघा, पकड तिथेच ढिली असते, हात त्या बाजूला वळवून काढा. समोरच्याला इजा होता कामा नये, हेही ती पुन्हापुन्हा बजावत होती. सुनेनं शेजारच्या टेबलावरच्या बाईला मनगट धरायला लावून सराव केला. आधी नुसतंच हसू येई. मग जमलं.

घरीही जमलं. हात सोडवून ती लगेच सासूबाईंच्या मुठीत रुमाल देई, आणि त्या रुमालाशी चाळा करत बसत. नव्या खुणा पडेनाशा झाल्या.

एका रविवारी मोठी नणंद आली होती. मोरीच्या दाराशी सासूबाईंनी मनगट धरलं, सुनेनं ते सोडवलं, तशा त्या मागच्या खुर्चीत बसल्या आणि लहान मुलासारख्या रडू लागल्या. नणंदेनं नेमकं तेवढंच पाहिलं. व्हिडिओत बघून नुसता हात सोडवायला शिकले, असं ती सांगू लागली, तसा नवऱ्यानं तिचा मोबाइल मागून घेतला, तर त्यात मारामारीच्या व्हिडिओंची ही रांग.

“आईला मारायचं शिकत होतीस?” नणंदेनं विचारलं.

तिनं शिक्षिकेचा व्हिडिओ लावून समोर धरला. कुणी त्याकडे पाहिलं नाही. नवरा उठून आईचे कपडे पिशवीत भरू लागला, आणि तिला तेच जास्त लागलं. नणंद त्याच दिवशी आईला आपल्या घरी घेऊन गेली. नातेवाइकांत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही.

महिना उलटला असेल. दुपारी धुलाईघरात नणंदेचा फोन आला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर ती आवाज खाली आणून म्हणाली, “त्या बाईचा तो व्हिडिओ पाठव.”

“ताई, फार लागलंय का?”

“पाठव म्हटलं ना.”

तिनं पाठवला. आता तरी ताई कुणापाशी काही बोलतील, म्हणून ती वाट बघत राहिली.

आठवडाभरानं नवरा खुशीत घरी आला. आई परत आपल्याकडे येणार होती. ताईची तब्येत साथ देत नव्हती. मग तो बायकोशेजारी बसला आणि त्यानं मोबाइल पुढे केला. “ताईनं काय मस्त व्हिडिओ शोधून काढलाय बघ. आईनं हात धरला तर तिला न दुखवता सोडवता येतो. तूही शिकून घे. ताईचं डोकं चालतं असल्या गोष्टींत.”

चटईवर तीच शिक्षिका उभी होती. सुनेच्या ओठांवर शब्द आले होते. पण त्याचा चेहरा इतका निर्धास्त होता, की कुणापुढे बोलायचं, असं तिला झालं. तिनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

“हं, आता सोडव बघू,” म्हणत त्यानं तिचं मनगट धरलं.

तिनं हात तसाच त्याच्या मुठीत राहू दिला. तेव्हा तो अंगठा कुठे असतो ते तिला नीट समजावून सांगू लागला.