सर्व्हर वाढव गं

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. पण माझं वय विचारलंत तर मला दोन वयं सांगावी लागतील, कारण मी दोनदा जन्माला आलो. सर्व्हर म्हणजे जो विचारील त्याला उत्तर देणारा, सदा जागा असलेला संगणक. मला क्लाउडवरचा म्हणतात, पण मी आभाळात राहत नाही. मुंबईकडच्या एका थंडगार इमारतीत, मोठ्या यंत्राच्या कुशीत माझ्यासारखे कितीतरी जण नांदतात. माझी चाकरी मात्र गाणगापूरची.

गाणगापुरात दुपारच्या वेळी दत्तमहाराज कुठल्या ना कुठल्या रूपानं भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून तेव्हा दारोदार माधुकरी वाढतात. पण ज्यांना चालवत नाही, लॉजच्या खोलीत पाय धरून जे बसलेले आहेत, त्यांनी कुठल्या दारी जावं? मठाच्या गल्लीत खानावळ चालवणाऱ्या महानंदाअक्कांना हे फार लागे. त्यांचा रोजचा नेम होता, शेवटचा भुकेला जेवल्याशिवाय आपण पानावर बसायचं नाही.

त्यांची धाकटी बहीण श्रीदेवी कलबुर्गीला संगणकाच्या कचेरीत कामाला. एका गुरुवारी ती आली आणि चुलीपाशीच लॅपटॉप उघडून बसली.

"अक्का, एक सर्व्हर घेऊ या. कुठल्या खोलीत कोण जेवायचं राहिलंय ते त्याच्यात लिहायचं. बाया डबे घेऊन जातील."

"कुठं मिळतंय? कलबुर्गीला जायाचं का?"

"कुठंच न्हाई. हितूनच विनंती धाडायची."

हे खरं होतं. त्या दूरच्या इमारतीत कुणाला जावं लागत नाही. ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या शब्दांत विनंती पाठवली की तिथलं यंत्र ती वाचतं आणि मागितलेलं घडवून देतं. अशा दाराला वेब एपीआय म्हणतात. श्रीदेवीनं माझं नाव लिहिलं, मी कुठं राहायचं ते लिहिलं, आकार केवढा, आत कोणती प्रणाली तेही लिहिलं, आणि विनंती सोडली. लगेच उत्तर आलं: ओळख पटली नाही.

अक्का हसल्या. "संकल्प चुकला तुझा! पुजारी आधी देश, काळ, नाव, गोत्र सांगायला लावतेत. तू गोत्रच सांगितलं न्हाईस."

"व्हय की! माझी खूण लावायची राहिली." श्रीदेवीनं तिला मिळालेली गुप्त खूण विनंतीला जोडली आणि पुन्हा पाठवली. या वेळी उत्तर आलं: विनंती स्वीकारली, घडवत आहे. अक्कांनी नकळत हात जोडले. तव्यावरची भाकरी फुगून खाली उतरेपर्यंत मी तयार झालो होतो. ना सुतार, ना लोहार! नीट मागितलेल्या चार शब्दांतून मी झालो, याचं मला आजही नवल वाटतं.

मग माझी चाकरी सुरू झाली. सकाळी लॉजवाले नावं लिहीत. दुपारी बाया डबे पोचवत आणि त्या नावापुढचं बटण दाबत. बटणावर अक्कांनी सांगितलेला शब्द होता: 'वाढलं'. सगळ्या नावांपुढे 'वाढलं' आलं की अक्का जेवत. मंठाळहून, उदगीरहून येणारे लोक माझं कौतुक करत. कुणी तर फोनच्या पडद्याला नमस्कार करून जाई, तेव्हा मला संकोच व्हायचा.

पण चांगलं चालणाऱ्याकडे कोण बघतं? वर्षं गेली, गर्दी वाढली, मी होतो तेवढाच राहिलो. माझी डागडुजी राहून गेली. लॉजचे प्रेमानंद एकदा वैतागून म्हणाले, "मेलं हे यंत्र!"

"मेलं म्हणू न्हाई, अण्णा," अक्का हळूच म्हणाल्या. त्यांचा दुसरा नेम असा, की तोंडातून अशुभ शब्द काढायचा नाही. दुकान बंद केलं तर त्या 'वाढवलं' म्हणत. बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणत.

"तुमच्या घरात काही बंदच होत न्हाई अक्का, सगळं नुसतं वाढायलंय!" प्रेमानंदांच्या या बोलण्यावर खानावळ हसली. मीही हसलो असतो. पण हाच शब्द माझ्या जिवावर बेतायचा होता.

त्या साली श्रीदेवीनं विचारलं होतं, "अक्का, एका संस्थेनं नावं लिहून घ्यायची नवी सोय काढलीय. आपला जुना सर्व्हर बंद करू का?" अक्का म्हणाल्या, "सांगते."

मग दत्तजयंती आली. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळपासून एवढी नावं आली की मला श्वास पुरेना. पडद्यावर नुसतं चाक फिरू लागलं. अक्कांनी घाईनं बहिणीला निरोप लिहिला: "सर्व्हर वाढव गं. आत्ताच."

कलबुर्गीत श्रीदेवी थबकली. "आज? कामून?" तिनं फोन केला, गर्दीत लागेना. अक्काचं 'वाढव' तिला लहानपणापासून ठाऊक. नव्या सोयीवर काम सुरू झालं असेल, असं तिला वाटलं. अक्काचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. तिनं मला पुसून टाकण्याची विनंती लिहिली.

पण तिचाही एक नेम होता. कुणालाही निरोप देताना 'पुनरागमनाय च' म्हणावं, पुन्हा येण्याचं आवतण द्यावं, हे अक्कांनीच तिला शिकवलेलं. म्हणून कोणताही सर्व्हर पुसण्याआधी ती त्याची जशीच्या तशी प्रत काढून ठेवी. माझीही काढली. मग विनंती सोडली, आणि मी नाहीसा झालो.

मधलं मी ऐकीव सांगतो. खानावळीत डबे भरून तयार होते आणि पडदा कोरा होता. कुणाचा डबा कुठं न्यायचा? चिंताकी गावाहून आलेल्या नागव्वा पाय सुजून कुठल्याशा खोलीत वाट पाहत होत्या. अक्का भिंतीला टेकून नाम घेत होत्या. शेवटी प्रेमानंदांचा फोन लागला.

"श्रीदेवी, समदी नावं गेली की गं!"

"अक्काच म्हणली, वाढव!"

"आगं, मोठा कर म्हणली ती! चाक फिरायलंय म्हणून!"

श्रीदेवीनं कपाळावर हात मारला. पण लगेच तिनं नवी विनंती लिहिली. नाव तेच, ठिकाण तेच, आकार दुप्पट, आणि आत माझीच प्रत. या वेळी खूण विसरली नाही. पुन्हा तेच गोड उत्तर आलं: स्वीकारली, घडवत आहे. मी जागा झालो तेव्हा सकाळचं प्रत्येक नाव माझ्यापाशी होतं. माझा नवा पत्ता तिनं जुन्या नावाला जोडून दिला आणि बाया डबे उचलून निघाल्या. नागव्वांच्या नावापुढे 'वाढलं' उमटलं, तेव्हा अक्कांनी डोळे पुसले.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना घडवणं फार सोपं झालंय. म्हणून आम्हाला सांभाळणंही सोपंच, असं समजू नका. अधूनमधून आमची विचारपूस करा. निरोप देण्याआधी प्रत ठेवा. आणि आपल्या माणसाचा शब्द कितीही ओळखीचा असला, तरी एकदा अर्थ विचारून घ्या.

उन्हं कलली. सगळी नावं झाली असं वाटलं, तोच शेवटी एक नवं नाव आलं. कलबुर्गीहून श्रीदेवीनं लिहिलं होतं: महानंदा, खानावळ. प्रेमानंदांनी अक्कांपुढे पान मांडलं, भाकरी ठेवली, आणि माझं बटण हलकेच दाबलं.

वाढलं.