दुसरं माणूस

उजव्या हातमोज्याच्या तर्जनीवर, नखाच्या जरा खाली, एक छिद्र होतं. टाचणीच्या टोकाएवढं. मोज्यात पाणी भरून दाबलं, तर तिथून केसासारखी बारीक धार आली. आतलं बोट ओलं होतं, आणि ते घामानं नव्हे.

दहा मिनिटांपूर्वी मी काच कोरायचं आम्ल एकटीनं ओतलं होतं. हे आम्ल पातळ असलं की लागताना कळत नाही. कातडीतून खाली उतरतं, हाडातलं कॅल्शियम शोधत जातं. दुखायला लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. नळाखाली बोट धरून मी घड्याळाकडे बघत होते.

आमच्या प्रयोगशाळेत या आम्लासाठी दोन माणसांचा नियम आहे. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं मागे उभं राहायचं. उतारा म्हणून लावायचं मलम त्या दुसऱ्याच्या खिशात, म्हणजे एकट्यानं बाटली उघडायची कुणाची छाती होऊ नये. माझं दुसरं माणूस आक्का. नोकरीला बत्तीस वर्षं झालेली, तोंडाचा पट्टा अखंड सुरू.

मी नियम मोडला याचा दोष एका कादंबरीवर ढकलणं सोपं आहे. हजार पानांची, आमच्यातल्या निम्म्या तरुणांनी वाचलीय. तिचा नायक एकट्याच्या डोक्यानं पूल बांधतो, कुणापुढे वाकत नाही. मला लहानपणापासून 'आधी दुसऱ्यांचं बघ' एवढंच शिकवलेलं. माझा शोधनिबंध प्रयोगशाळेच्या साहेबांच्या नावावर छापून आला तेव्हाही मी हसून मान डोलावली होती. तुझी बुद्धी तुझी आहे, हे मला पहिल्यांदा त्या पुस्तकानं सांगितलं. वाचताना मी भर बसमध्ये रडले होते.

काल जेवताना सगळ्यांसमोर मी आक्कांना म्हटलं, "तुम्ही नुसत्या उभ्या असता. काम मी करते."

"बरं बाई. आणि तुझा तो पूलवाला? हजार पानांत एकदा तरी ताट विसळलं का मेल्यानं?"

"त्याला कुणाची गरज लागत नाही."

"मग पुलावरून जाणार कोण? त्याची सावली?"

सगळे खो खो हसले. आज आक्का जेवायला गेल्या आणि मी एकटीच आम्लाच्या खोलीत शिरले.

आता बोटाच्या टोकाशी काहीतरी ठणकल्यासारखं वाटलं. आम्ल की भीती, कळेना. सांगितलं तर खोलीची चावी जाणार, दोन वर्षांचं काम थांबणार, आणि आक्का मान हलवणार. गप्प राहिले तर कदाचित काही होणारही नाही.

कदाचित. मोजमापावर जगणारी मी, आणि आधार शोधत होते तो या शब्दाचा. त्याच कादंबरीतल्या एका वाक्याखाली मी दोनदा रेघ मारली होती: डोळे मिटल्यानं वस्तुस्थिती बदलत नाही. ते वाक्य इतके दिवस मला साहेबांसाठी लिहिलेलं वाटायचं.

नळ बंद केला. जेवणाच्या खोलीपर्यंत एकवीस पावलं. आक्का डब्याचं झाकण लावत होत्या.

"काय गं, भूत बघितलंस की काय?"

मी बोट पुढे केलं.

"आक्का, मी एकटीनं आम्ल ओतलं. बोटाला लागलंय. मलम लावा. साहेबांना मीच सांगणार आहे."